शाळा घरी येते तेव्हा



सन २०२० च्या जून महिन्यात आपल्या शाळांची घंटा वाजली नाही. कोरोनाच्या साथीमुळे मुले घरीच राहिली आणि वर्ग मोबाईलवर भरू लागले. असा प्रसंग जगावर प्रथमच आला आहे, असे त्या वेळी अनेकांना वाटले. इतिहास मात्र निराळे सांगतो.

सप्टेंबर १९३७ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात पोलिओची साथ होती. पोलिओवरील लस १९५५ साली आली. तेव्हा मुलांना घरी ठेवणे हाच उपाय होता. शाळा उघडणे लांबले, म्हणून शिक्षणप्रमुख विल्यम जॉन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओवर शाळा भरविली. सहा रेडिओ केंद्रांनी आपली वेळ विनामूल्य दिली. तिसरी ते आठवीच्या सुमारे ३,१५,००० मुलांसाठी ही सोय होती. सोमवार, बुधवार व शुक्रवार समाजशास्त्र आणि विज्ञान. मंगळवार, गुरुवार व शनिवार इंग्रजी आणि गणित, असे वेळापत्रक होते. पाठ पंधरा मिनिटांचा. त्याचे नकाशे, प्रश्न व गृहपाठ वर्तमानपत्रांत छापून येत.

व्यवस्था चोख होती, तरी उणीव लगेच दिसली. पालकांच्या शंकांसाठी दूरध्वनीवर १६ शिक्षक बसविले होते. पहिल्याच दिवशी हजाराहून अधिक फोन आले आणि आणखी ५ शिक्षक नेमावे लागले. काही मुलांना पाठ फार वेगाने पुढे जातो असे वाटे. काहींच्या घरी रेडिओ नव्हता, तर काहींच्या घरी आवाज नीट येत नसे. तीन आठवड्यांच्या आतच शाळा उघडल्या आणि तो प्रयोग संपला.

पुढे ऑस्ट्रेलियात याच कल्पनेला निराळे वळण मिळाले. तेथील वाळवंटी प्रदेशात एका घरापासून दुसरे घर कित्येक मैल दूर. मुले टपालाने येणारे पाठ सोडवीत, पण शिक्षकाचा आवाज त्यांच्या कानी पडत नसे. ॲडलेड मीथके या शिक्षणतज्ज्ञ बाईंच्या मनात आले, की फिरत्या विमान-डॉक्टरांचे बिनतारी यंत्र मुलांच्याही उपयोगी का पडू नये? ८ जून १९५१ रोजी ॲलिस स्प्रिंग्ज येथे ‘आकाशशाळे’चे उद्घाटन झाले. या यंत्रावर मूलही बोलू शके, शिक्षकाला प्रश्न विचारू शके. तरीसुद्धा रोजच्या पाठाला मुलाजवळ बसावे लागे ते आईला किंवा घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात ग्रामीण भागातील पहिली ते चौथी आणि शहरांतील पहिली ते सातवीचे वर्ग उघडण्यास १ डिसेंबर २०२१ पासून परवानगी मिळाली; मुंबईत १५ डिसेंबर उजाडला. जून २०२० मध्ये पहिलीत आलेल्या मुलाचे सारे पहिले वर्ष आणि दुसरीचे पहिले सत्र घरीच गेले. परिसर अभ्यास स्वयंपाकघरात आणि अंगणात शिकता आला, चित्रकला कागदावर झाली. पण वाचन? अक्षर चुकले की तिथल्या तिथे कोणी सांगायचे? ग्रामीण भारतातील पाहणीत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ साली २७.३ टक्के होती. २०२२ साली ती २०.५ टक्क्यांवर आली. म्हणजे आधीच तोकडे असलेले आणखी तोकडे झाले.

पालकहो, एक प्रश्न मनाशी विचारून पाहा. घरात मोबाईल एक आणि मुले तीन, तेव्हा आधी पाळी कोणाची लागली? मुलाची की मुलीची? आणि धाकट्याला शेजारी बसवून अक्षरे गिरवून घेणारी ताई स्वतःचा पाठ केव्हा ऐकत होती?

शिकागो, ॲलिस स्प्रिंग्ज आणि आपले गाव यांचा धडा एकच आहे. रेडिओ असो वा मोबाईल, तो पाठ घरापर्यंत आणून देतो. मुलाचे ऐकून घेण्याचे काम जवळच्या माणसालाच करावे लागते. त्यासाठी आईबाप फार शिकलेले असावेत असे नाही. ‘बाळ, आज काय वाचलेस, मला वाचून दाखव,’ एवढे म्हणणे त्यांना जमते. शाळा आता उघडल्या आहेत. पण ती रोजची दहा मिनिटे बंद होऊ देऊ नका; आणि त्यांत मुलीची पाळी शेवटची ठेवू नका.