सरासरी मेंदू : कोणाकोणाचा?

कर्जतहून आंबिवलीमार्गे पेठच्या किल्ल्याकडे, म्हणजे कोथळीगडाकडे निघालात की त्याचा उभा सुळका लांबूनच ओळखू येतो. समजा, शंभर जणांनी शंभर जागांवरून त्याची छायाचित्रे टिपली आणि ती जशीच्या तशी एकावर एक ठेवली, तर हाती केवळ करडा धूसर डाग लागेल. पण प्रत्येक चित्र सरकवून, फिरवून, लहानमोठे करून टोकावर टोक आणि पायथ्यावर पायथा आणला, तर ढग-पक्षी पुसले जातात आणि सुळका ठसठशीत उभा राहतो. मेंदूच्या एमआरआय चित्रांची सरासरी काढण्यामागे हेच तत्त्व आहे. त्या सरासरीचा इतिहास मात्र इतका निरागस नाही.

1877 साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन याने शिक्षा झालेल्या गुन्हेगारांची छायाचित्रे एकाच काचेवर उतरवली. डोळे डोळ्यांवर येतील अशी जुळणी करायची आणि आठ चेहरे असतील तर प्रत्येकाला प्रकाशाचा आठवा हिस्सा द्यायचा, अशी ही रीत होती. गुन्हेगाराचा ‘नमुना चेहरा’ सापडेल ही त्याची अपेक्षा. निघाला तो मूळ चेहऱ्यांपेक्षा देखणा, सौम्य चेहरा! प्रत्येकाचे वेगळेपण सरासरीत विरून गेले होते. गाल्टन त्यातून किती शिकला कोण जाणे. 1883 मध्ये ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवणारा तोच.

त्याच विचाराच्या छायेत बर्लिनमध्ये 1927 साली कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था उभी राहिली. संचालक होते ऑयगेन फिशर. त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट करायला पुण्याहून एक तरुणी गेली, इरावती कर्वे. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतो, कवट्या मोजणाऱ्या इरावतीबाई फारशा कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत. युरोपीय कवटीची डावी-उजवी बाजू अधिक असमान असते आणि त्यातच त्यांच्या बुद्धीचे श्रेष्ठत्व दडले आहे, असे फिशर यांचे गृहीतक होते. बाईंनी 149 कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष दिला : या असमानतेचा वंशाशी संबंध नाही. गुरूच्या संस्थेत, गुरूच्याच मापांनी, गुरूचे म्हणणे खोडून काढायला काय छाती लागली असेल!

पुढे डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील शरीरमापनांचा ग्रंथ 1951 मध्ये प्रसिद्ध केला. 1968 मध्ये मल्होत्रा यांच्यासोबत एकाच दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची तुलना केली. एका जातिनावाखाली एकच जिनसी समूह असतो हे त्यांना मान्य नव्हते. सरासरी काढण्याआधी ‘कोणाकोणाची?’ हे विचारायची सवय या कामात दिसते.

मेंदूच्या चित्रणात हा प्रश्न उशिरा आला. 1988 मध्ये तालेराक आणि टूर्नू यांचा गाजलेला मेंदूचा नकाशासंग्रह निघाला, तो एका साठ वर्षांच्या मृत फ्रेंच स्त्रीच्या मेंदूवर आधारलेला होता. जगभरचे संशोधक आपली चित्रे त्या एका मेंदूच्या चौकटीत बसवत राहिले. मग माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटने 305 जणांची सरासरी केली. त्यांत 239 पुरुष, 66 स्त्रिया, सरासरी वय सुमारे 23. चौकट मात्र तालेराकच्याच धर्तीची. त्यानंतरचा 152 जणांचा साचा आजही असंख्य प्रयोगशाळांत वापरला जातो.

संगणकावर हे काम आता एका ओळीचे झाले आहे. ऑक्सफर्डच्या ‘एफएसएल’ या संचात ‘एफएसएलमर्ज’ने सगळ्या फाइली एकामागे एक लावायच्या आणि ‘एफएसएलमॅथ्स’ला ‘टीमीन’ हा पर्याय द्यायचा; प्रत्येक घनबिंदूची बेरीज होते, संख्येने भाग जातो, सरासरी तयार! फाइलींचे आकारमान सारखे असले की ती आज्ञा निमूटपणे चालते. कपाळावर कपाळ आले आहे की कानावर कपाळ, हे ती पाहत नाही. ती जुळणी आधी ‘फ्लर्ट’सारख्या साधनाने करून घ्यावी लागते, आणि खरी मेहनत तिथेच आहे. गाल्टनने डोळ्यांवर डोळे ठेवले होते ना, तेच काम.

2019 मध्ये हैदराबादच्या आयआयआयटीने 50 पुरुष आणि 50 स्त्रियांच्या चित्रांवरून भारतीय मेंदूचा नकाशा केला. लांबी-रुंदी-आकारमान पाश्चात्त्य साच्यापेक्षा सरासरीने कमी निघाले आणि वृत्तपत्रांनी ‘भारतीय मेंदू लहान’ असे मथळे दिले. जणू फिशरच पुन्हा बोलू लागले! प्रत्यक्षात हेतू साधा होता : रुग्णाचा मेंदू आजाराने आक्रसला आहे का, हे ठरवताना परक्या साच्याशी तुलना केली तर निरोगी माणूसही आजारी ठरू शकतो. 2020 मध्ये बंगळूरच्या निम्हान्सशी निगडित संशोधकांनी 6 ते 60 वर्षांसाठी वयानुसार पाच वेगळे साचे दिले, कारण शाळकरी मुलाची आणि साठीच्या गृहस्थाची बेरीज करून हाती येणारा मेंदू या दोघांपैकी कोणाच्याच उपयोगाचा नाही.

त्याच ‘एफएसएलमॅथ्स’ला ‘टीमीन’ऐवजी ‘टीएसटीडी’ सांगितले की सरासरीच्या जागी प्रमाण विचलनाचे चित्र निघते. माणसे जिथे एकसारखी तिथे ते काळोखे असते. मेंदूच्या बाहेरच्या घड्यांवर, जिथे एकाची वळी दुसऱ्याच्या वळीशी कितीही जुळवली तरी जुळत नाही, तिथे ते उजळून निघते.