टोंकीनच्या आखातातील न झालेला हल्ला

गावकुसाबाहेरचा माणूस अत्याचाराची फिर्याद घेऊन गेला की त्याच्याकडे साक्षीदार मागतात, आणि साक्षीदार आणले तरी पुष्कळदा विश्वास ठेवीत नाहीत. सत्तेच्या शब्दाला मात्र साक्षीदार लागत नाही. वृत्तपत्रांनी तो छापला की तोच पुरावा ठरतो. त्याची किंमत कोण मोजतो, हे व्हिएतनाम युद्धाच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

२ ऑगस्ट १९६४ रोजी टोंकीनच्या आखातात उत्तर व्हिएतनामच्या नौकांनी ‘मॅडॉक्स’ या अमेरिकन युद्धनौकेवर हल्ला केला. हे खरे होते. पण त्याआधी काही दिवस अमेरिकेच्या गुप्त योजनेनुसार दक्षिण व्हिएतनामी नौकांनी उत्तरेच्या बेटांवर मारा केला होता, ही गोष्ट अमेरिकन जनतेपासून लपविली गेली. ४ ऑगस्टच्या रात्री दुसऱ्या हल्ल्याची खबर आली. तिचा मुख्य आधार म्हणजे रडार-सोनारवरच्या खुणा आणि पकडलेले बिनतारी संदेश. काही तासांतच तेथील अधिकारी कॅप्टन हेरिक यांनी कळविले की, खराब हवामानामुळे यंत्रे फसली असावीत. पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी पूर्ण छाननी व्हावी. ती पुरी होण्याची वाट कोणी पाहिली नाही. अध्यक्ष जॉन्सन त्याच रात्री दूरचित्रवाणीवर बोलले आणि बाँबफेक सुरू झाली.

मोठ्या वृत्तपत्रांनी दुसरा हल्ला ही घडलेली घटना म्हणूनच छापली. हेरिक यांची शंका वाचकांपर्यंत गेलीच नाही. ७ ऑगस्टला अध्यक्षांना युद्धाची मोकळीक देणारा ठराव संमत झाला : प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. विरोध करणारे मोर्स आणि ग्रुनिंग दोघेही १९६८ मध्ये आपल्या जागा गमावून बसले.

अमेरिकेच्या हेरखात्याच्याच इतिहासकाराचा अभ्यास २००५ साली खुला झाला. दुसरा हल्ला झालाच नव्हता, आणि त्याविरुद्ध जाणारे संदेश वरिष्ठांपुढे ठेवले गेले नव्हते, असा त्याचा निष्कर्ष होता. तोवर ५८ हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक आणि लाखो व्हिएतनामी मरून गेले होते.

मेले कोण? महाविद्यालयात शिकणाऱ्यांना सक्तीच्या लष्करभरतीतून सवलत होती. गरिबांची मुले गेली. युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत मृतांमधील काळ्या सैनिकांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त होते. म्हणूनच १९६६ साली स्थापन झालेल्या ब्लॅक पँथरने आपल्या कार्यक्रमात काळ्यांना लष्करी सेवेतून मुक्त करा, अशी मागणी केली. याच चळवळीवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले.

परराष्ट्र धोरण हा आपला विषय नव्हे, असे कार्यकर्त्यांनी समजू नये. प्रस्थापित वृत्तपत्रे कोणाचे हित पाहतात हे ओळखूनच बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला. ऐकीव गोष्ट किंवा गुरूचा शब्द एवढ्यावरून काही मानू नका, असे बुद्धाने कालामांना सांगितले होते. युद्धाची बातमी येईल तेव्हा आपणही विचारले पाहिजे : हल्ला कोणी पाहिला, खबर कोणी तपासली, आणि मरायला कोणाची मुले जाणार?