तळटीप : ‘सुररंग’ ही मुद्रा

१. सुररंग : बंदिशीत येणारी ही मुद्रा (रचनाकाराचे सांकेतिक नाव) इंदूरच्या उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांची. वडील शाहमीर खाँ हे भेंडीबाजार घराण्याचे सारंगिये, होळकर दरबारी नोकरीला. मुलाकडून त्यांनी खंडमेरूचा रियाज करून घेतला. खंडमेरू म्हणजे स्वरांचे सर्व संभाव्य क्रम : तीन स्वरांचे ६, चारांचे २४, सातांचे ५,०४०. हेच गणित पुढे विलंबित झुमरा तालातल्या अमीर खाँच्या आलापीचा कणा झाले. ऐकणाऱ्याला मात्र हिशेब जाणवत नाही, जाणवते ती शांती. देवासचे रजब अली खाँ, किराण्याचे अब्दुल वहीद खाँ आणि भेंडीबाजारचे अमान अली खाँ यांचे संस्कार पचवून घडलेल्या या गायकीला ‘इंदूर घराणे’ हे नाव मिळाले. रचनाकार म्हणून त्यांचे मोलाचे काम तराण्यात आहे. तराण्याचे बोल निरर्थक नाहीत, त्यांमागे फारसी शब्द आहेत, अशी त्यांची धारणा होती. म्हणून ते तराण्यात फारसी रुबाई गुंफत. १९७१मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कोलकात्यात मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. – संपादक