सोन्याचा लाल रंग कोण राखतो?

१/ लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेच्या काही बाटल्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. त्यांतील द्रव माणकासारखा लाल आहे. त्यात कोणताही रंग मिसळलेला नाही. आहे ते पाणी आणि सोने. दीडशेहून अधिक वर्षे झाली, तरी ते सोने तळाशी बसून गेलेले नाही.

२/ नॅनोकणांविषयी एक वाक्य हमखास ऐकू येते : कण किती मोठा, यावर त्याचा रंग ठरतो. हे खरे आहे, पण अर्धेच. कणाच्या पृष्ठभागाला काय चिकटले आहे, हा उरलेला अर्धा भाग. या चिकटलेल्या रेणूंना आणि आयनांना रसायनशास्त्रात आज ‘लिगँड’ म्हणतात. हा थ्रेड त्या दुर्लक्षित अर्ध्या भागाच्या इतिहासाविषयी आहे.

३/ फेब्रुवारी १८५७. पासष्ट वर्षांचा फॅरडे रॉयल सोसायटीपुढे सोने आणि प्रकाश यांच्या संबंधावर बेकेरियन व्याख्यान देतो. विजेच्या आणि चुंबकत्वाच्या संशोधनाने अजरामर झालेला हा माणूस उतारवयात सोन्याच्या वर्खाकडे वळला होता. सोन्याच्या क्लोराइडच्या विरळ द्रावणावर फॉस्फरसची क्रिया घडवून त्याने लाल द्रव तयार केला आणि ठामपणे सांगितले की हे सोन्याचे नवे संयुग नाही, हे धातुरूप सोनेच आहे, फक्त अत्यंत बारीक विभागलेले. ते कण दाखवू शकणारा सूक्ष्मदर्शक तेव्हा जगात नव्हता. द्रवातून जाणारा प्रकाशाचा झोत आतून उजळलेला दिसतो, या निरीक्षणावर त्याचा बराच भर होता.

४/ मग त्याने त्या द्रवात मीठ टाकले. लाल रंग जांभळट होत निळा झाला. सोने तेवढेच, पाणी तेच, तरी रंग पालटला. लिंबू पिळल्यावर दूध नासावे, तसा हा द्रव रंगाने ‘नासला’. मात्र आधी थोडे जिलेटिन घातले, तर मिठाचे काही चालत नाही, हेही त्याच्या लक्षात आले. या लेखातला सर्वांत मोलाचा प्रयोग कदाचित हाच असावा. पण फॅरडेची कथा सांगताना तो सहसा गाळला जातो.

५/ आजच्या भाषेत त्याचा अर्थ असा. सोन्याच्या लहान कणातील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकत्र हेलकावे घेतात आणि सुमारे ५२० नॅनोमीटरचा, म्हणजे हिरवा, प्रकाश शोषतात. म्हणून द्रव लाल दिसतो. कणांच्या पृष्ठभागावरील ऋणभारित आयन त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात. मिठामुळे हे अपकर्षण झाकले जाते आणि कण एकत्र येतात. शेजारच्या कणांचे हेलकावे परस्परांत गुंततात, शोषण लाल प्रकाशाकडे सरकते आणि उरतो निळा. जिलेटिनचे वेष्टन असले की कणांना एकमेकांच्या इतके जवळ जाताच येत नाही.

६/ कारागिरांनी हे न समजता वापरले होतेच. सतराव्या शतकापासून सोने आणि कथिल यांच्या क्लोराइडांपासून ‘कॅसिअसचा जांभळा’ हा रंग बनत असे. काचेला माणकाची छटा आणि चिनीमातीच्या भांड्यांना गुलाबी रंग त्याने येई. हे संयुग की मिश्रण, यावर रसायनशास्त्रज्ञ दीर्घकाळ भांडले. १८९८ मध्ये रिचर्ड झिग्मोंडीने सोन्याचे कलिल आणि स्टॅनिक आम्लाचे कलिल वेगवेगळे तयार करून केवळ एकत्र मिसळले, आणि तोच जांभळा रंग मिळाला. कथिलाचे संयुग तेथे सोन्याला राखत होते.

७/ काच-उद्योगात काम केलेल्या झिग्मोंडीने या राखणदारीला मोजमापही दिले. सोन्याच्या १० घनसेंटिमीटर लाल द्रवात १ घनसेंटिमीटर १० टक्के मिठाचे पाणी घालायचे. रंग पालटू नये म्हणून किती मिलिग्रॅम रक्षक पदार्थ लागतो, तो त्याचा ‘सुवर्णांक’. जिलेटिनचा सुवर्णांक ०.००५ ते ०.०१, तर बटाट्याच्या स्टार्चचा २५ च्या घरात. अंक जितका लहान, तितका राखणदार बळकट. पृष्ठभागावरच्या आवरणाची ताकद रंगाने मोजण्याची ही पद्धत १९०१ ची.

८/ १९०८ मध्ये गुस्टाव्ह मी याने गोल कणांच्या रंगाचे गणित मांडले. कणाभोवतीचे माध्यम बदलले की रंगही सरकतो, हे त्या समीकरणांतच होते.

९/ यानंतरचा टप्पा प्रयोगशाळेतून थेट मनोरुग्णालयात जातो. उपदंश (गरमी) मेंदूपर्यंत पोहोचला की रुग्णाला भ्रम आणि पक्षाघात गाठत, आणि पेनिसिलिन अजून फार दूर होते. १९१२ मध्ये कार्ल लांगे या जर्मन वैद्याने मज्जारज्जूभोवतीचा द्रव सोन्याच्या लाल कलिलात मिसळण्याची चाचणी मांडली. दहा नळ्या, प्रत्येकीत आधीच्या निम्म्या तीव्रतेचा द्रव. दुसऱ्या दिवशी प्रत्येक नळीचा रंग ० ते ५ असा नोंदवायचा : ० म्हणजे लाल तसाच, ५ म्हणजे रंग पूर्ण गेलेला.

१०/ निरोगी माणसाच्या नळ्या जवळजवळ लालच राहत. मेंदूच्या उपदंशात पहिल्या काही नळ्या रंगहीन होत आणि पुढे हळूहळू लाली परते. कारण त्या द्रवातील प्रथिनांच्या प्रमाणात होते : अल्ब्युमिन सोन्याच्या कणांवर बसून त्यांना राखते, ग्लोब्युलिन त्यांना साकळवते. एखाद्या माणसाचे पुढचे आयुष्य कसे असेल, याचा अंदाज अशा रीतीने सोन्याच्या पृष्ठभागावर कोणते प्रथिन आधी बसते यावरून बांधला जाऊ लागला. पण चाचणी फार चंचल होती. नळी नीट धुतली नसली, पाणी पुरेसे शुद्ध नसले, की निकाल फसे. पृष्ठभागाला काहीही चिकटू शकते, याचा तो दुःखद पुरावा. पुढे प्रथिने तपासण्याच्या अधिक भरवशाच्या पद्धती आल्या आणि ती मागे पडली.

११/ १९५१ मध्ये जॉन टर्केविच आणि सहकाऱ्यांनी सायट्रेटने सोन्याचे कण बनवण्याच्या पद्धतीचा बारकाईने अभ्यास केला. तेच सायट्रेट सोने घडवते आणि त्याच्यावर आवरण म्हणूनही बसते. १९९४ मध्ये लिव्हरपूलला ब्रुस्ट, शिफ्रिन आणि सहकाऱ्यांनी गंधकयुक्त थायॉल रेणू सोन्यावर इतके पक्के बसवले, की कण सुकवून पूड करता येई आणि पुन्हा विरघळवताही येई.

१२/ दोनच वर्षांनी चॅड मर्किनच्या गटाने थायॉलच्या टोकाला डीएनएचे धागे बांधले. जुळणारा धागा आला की कण एकत्र येत, लाल द्रव जांभळा होई. तापवल्यावर धागे सुटत आणि लाली परत येई. मिठाने निळे झालेले सोने सहसा परत लाल होत नाही. इथे मात्र रंगाला परतीची वाट मिळाली, आणि ती आवरणामुळे.

१३/ क्वांटम डॉटची कथाही आकाराचीच म्हणून सांगितली जाते. एकिमोव्ह, ब्रस आणि बावेंडी यांना २०२३ चे नोबेल मिळाले, तेव्हाच्या बातम्यांत लहान कण निळा, मोठा कण लाल एवढेच चित्र होते. ते चुकीचे नाही. पण १९९३ मध्ये बावेंडीच्या गटाने कॅडमियम सेलेनाइडचे एकसारखे कण मिळवले, ते गरम ट्रायऑक्टिलफॉस्फीन ऑक्साइडमध्ये, आणि त्याचे रेणू कणांना बिलगूनच राहत होते. इतक्या लहान कणात अणूंचा मोठा वाटा पृष्ठभागावर असतो. तेथील मोकळे बंध इलेक्ट्रॉनला अडकवतात आणि प्रकाश उष्णतेत वाया जातो. १९९६ मध्ये हाइन्स आणि ग्योट-सिऑनेस्ट यांनी झिंक सल्फाइडचे कवच चढवले, तेव्हा तेज एकदम वाढले.

१४/ कोणते आवरण चांगले, याला मात्र एकच उत्तर नाही. तेच थायॉल कॅडमियम सेलेनाइडचे तेज मंदावते आणि कॅडमियम टेल्युराइडचे वाढवते.

१५/ घरी करायच्या अनेक चाचण्यांच्या पट्टीवर उमटणारी लाल रेघ ही अशाच सोन्याच्या कणांची असते. त्यांच्या अंगावर प्रतिपिंडे बसवलेली असतात. ती पुरेशी बसली की नाही, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत आजही थोडा द्रव नळीत घेऊन त्यात मिठाचे पाणी घालतात आणि रंग लाल राहतो का, ते पाहतात.