खुबा आणि गुडघा : अस्थींचा आधार, बंधांचा आधार

ऑक्टोबर २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यात मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात कृत्रिम सांधा बसवण्यात आला. जून २००१ मध्ये उजव्या गुडघ्यावर तीच शस्त्रक्रिया झाली. ती करणारे डॉ. चित्तरंजन रणावत न्यूयॉर्कहून आले होते. न्यूयॉर्कच्याच 'हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी'मध्ये १९७४ साली प्रथम वापरात आलेल्या 'टोटल काँडिलर' या कृत्रिम गुडघ्याच्या निर्मितीत जॉन इन्सॉल आणि पीटर वॉकर यांच्यासह त्यांचा वाटा होता. कृत्रिम खुबा त्याआधीच, १९६० च्या दशकात, इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी यशस्वी केला होता. गुडघ्याला अधिक काळ का लागला, याचे उत्तर बऱ्याच अंशी दोन्ही सांध्यांच्या रचनेत सापडते.

खुबा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा श्रोणीच्या खोलगट वाटीत बसतो आणि वाटीच्या कडेची कूर्चेची झालर ही खोली आणखी वाढवते. सांध्याभोवतीच्या आवरणाला तीन बळकट बंध जखडून ठेवतात. त्यांपैकी पुढच्या बाजूचा बंध इंग्रजी 'वाय' अक्षर उलटे धरावे तसा दिसतो. बोस्टनचे शल्यविशारद हेन्री जेकब बिगेलो यांनी १८६९ च्या आपल्या ग्रंथात त्याचे महत्त्व विशद केले. शरीरातील सर्वांत बळकट मानला जाणारा हा बंध माणूस ताठ उभा राहिला की ताणला जातो. म्हणूनच स्नायूंना फारसे श्रम न देता दीर्घकाळ उभे राहता येते.

गुडघ्याला अशी खोल वाटी लाभलेली नाही. मांडीच्या हाडाची दोन गोलाकार टोके नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकतात. त्यांच्यामधल्या कूर्चेच्या दोन चंद्रकोरी गाद्या भार वाटून घेतात, परंतु सांधा जागेवर राहतो तो मुख्यत्वे चार बंधांमुळे. आतला व बाहेरचा बंध गुडघ्याला आडवे झुकू देत नाहीत. सांध्याच्या मध्यभागी फुलीसारखे छेदणारे दोन बंध असतात : पुढचा नडगीला पुढे सरकू देत नाही, मागचा तिला मागे जाऊ देत नाही.

यांतला पुढचा बंध म्हणजे अमेरिकेत सॉकर वा बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या घरी परिचित झालेला 'एसीएल'. पाय जमिनीवर रोवलेला असताना शरीर एकाएकी वळले, तर कोणाचा धक्का न लागताही तो तुटू शकतो. 'कट्' असा आवाज, काही तासांत आलेली सूज आणि गुडघा निसटल्याची भावना ही त्याची लक्षणे होत. क्ष-किरण चित्रात बंध दिसत नाहीत. त्यामुळे हाड शाबूत असल्याचे समजले, तरी बंध शाबूत असल्याचे सिद्ध होत नाही. त्यासाठी तज्ज्ञाची तपासणी आणि एमआरआय लागतो.

कृत्रिम गुडघ्यापुढेही हाच प्रश्न होता. 'टोटल काँडिलर'मध्ये फुलीचे दोन्ही बंध काढले जात आणि स्थैर्य कृत्रिम पृष्ठांचा आकार व बाजूचे बंध यांवर सोपवले जाई. १९७८ च्या इन्सॉल–बर्स्टीन रचनेत मागच्या बंधाचे काम प्लॅस्टिकच्या एका खुंटीकडे देण्यात आले. आजही मागचा बंध राखावा की काढावा, याबाबत शल्यविशारदांत दोन पंथ आहेत. बाजूच्या बंधांचा ताण मात्र दोन्ही पद्धतींत काटेकोरपणे जुळवावा लागतो. तो सैल राहिला तर गुडघा डगमगतो, घट्ट झाला तर वाकत नाही.

भारतातून आलेल्या आईवडिलांच्या दृष्टीने हा केवळ तांत्रिक तपशील नव्हे. मांडी घालून वा उकिडवे बसण्यासाठी गुडघा खुर्चीवर बसताना वाकतो त्याहून कितीतरी अधिक वाकावा लागतो, आणि शस्त्रक्रियेनंतर तेवढा वाक प्रत्येकाला मिळतोच असे नाही. पूजेला जमिनीवर बसण्याची सवय असेल, तर ती शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांच्या कानावर घालावी.