टपाली मतदान आणि किल्लारीकडची गावची निवडणूक

टपालाने मत देण्याची सोय भारतात 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यापासून आहे, पण ती मोजक्यांसाठीच: सैन्यातले जवान, निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी, स्थानबद्ध. निजामी राजवटीतून 1948 मध्ये सुटलेल्या मराठवाड्याने 1951-52 मध्ये पहिल्यांदा सार्वत्रिक मतदान केले, तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. बाकी सर्वांना पेटीपर्यंत स्वतःच जावे लागे.

गावकारभाराला घटनेचा आधार देणारी 73 वी दुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी अमलात आली. पाचच महिन्यांनी, 30 सप्टेंबरच्या पहाटे, भूकंपाने किल्लारी जमीनदोस्त केली आणि लातूर-उस्मानाबादेत सुमारे दहा हजार माणसे गेली. गाव नव्या जागी वसले. 1994 मध्ये राज्य निवडणूक आयोग स्थापन झाला आणि ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या निवडणुका त्याच्याकडे आल्या. त्यामुळे केंद्रीय आयोगाची सोय गावच्या निवडणुकीला आपोआप लागू होत नाही. 2024 च्या लोकसभेला 85 वर्षांवरील आणि 40 टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना त्या आयोगाने घरबसल्या मतपत्रिका दिली. ही सोय नंतरच्या विधानसभा निवडणुकांतही राहिली.

तरीही गावच्या निवडणुकीत मतदान जास्त होते. जानेवारी 2021 मध्ये राज्यातल्या ग्रामपंचायतींना सुमारे 79 टक्के मतदान झाले; किल्लारी ज्या उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघात येते, तिथे 2024 ला सुमारे 64 टक्के. गावात उमेदवार भावकीतला असतो, आणि एकेका मतावर वॉर्ड फिरतो. म्हणून पुण्या-मुंबईला पोटासाठी गेलेल्यांना आणायला गाड्या धावतात.

ऊसतोड मजुराची अडचण याहून मोठी. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन कोयते कारखान्याकडे निघतात आणि उन्हाळ्यातच परततात. ग्रामपंचायतींचे मतदान अनेकदा नेमके डिसेंबर-जानेवारीत येते. तोड थांबवून गाव गाठायचे तर मजुरी बुडते. उमेदवाराने खर्च केला तर मत त्याच्या उपकाराखाली जाते. हे लोकशाहीला घातकच.

अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्याने 1981 मध्ये स्थानिक निवडणुकांतच टपाली मतदानाची चाचणी घेतली आणि 1998 मध्ये जनमताने ते सर्वांसाठी स्वीकारले. आपल्याकडे केंद्रीय आयोगाने 2023 मध्ये स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचे प्रात्यक्षिक मांडले, पण ते वापरात आले नाही. फडावरच्या मजुराला टपालाने मत देण्याची सोय आजही कोणत्याच निवडणुकीत नाही. ती सर्वांत आधी ग्रामपंचायतीला मिळायला हवी.