दुतोंडी वायर

2005 नंतरची काही वर्षं ज्यांनी महाराष्ट्रातल्या गावात किंवा लहान शहरात काढली, त्यांना भारनियमन म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. पेपरात वेळापत्रक यायचं आणि आमचा अभ्यास, आईचा मिक्सर, पाण्याची मोटर सगळं त्याच्या तालावर चालायचं. माझ्या मामाचं तालुक्याच्या गावी किराणा दुकान, मागे घर. त्यानं एक छोटा जनरेटर घेतला आणि सोबत एक खास वायर बनवून घेतली. दोन्ही टोकांना पिन. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं घरातल्या मोठ्या सॉकेटमध्ये. की घरभर लाईट! आम्हा पोरांना ती जादूच वाटायची.

एकदा मीटरच्या कामासाठी वायरमन आला. खिळ्याला टांगलेली ती वायर त्यानं पाहिली, पक्कड काढली आणि एका बाजूची पिन कापून टाकली. "चेंजओव्हर बसवा शेठ, मला दोन पोरं आहेत," एवढंच बोलला आणि मीटरकडे वळला. मामा आठवडाभर धुसफुसत होता. मलाही कळेना, आमच्या घरातल्या वायरचा त्याच्या पोरांशी काय संबंध?

तो संबंध समजायला थेट 1885 सालच्या बुडापेस्टला जावं लागतं. तिथल्या गांझ कारखान्यात झिपरनॉव्स्की, ब्लाथी आणि देरी या तीन इंजिनिअरांनी व्यवहारात नीट चालणारा ट्रान्सफॉर्मर बनवला. व्होल्टेज वाढवून वीज लांब न्यायची आणि गिऱ्हाईकाच्या दाराशी पुन्हा कमी करायची, ही सोय त्यातून झाली. आपल्या गल्लीच्या तोंडाशी उभी असते ती डीपी म्हणजे त्याचाच वंशज. 11,000 व्होल्ट आत घेते आणि आपल्याला 230 देते.

आता गंमत अशी, की ट्रान्सफॉर्मरला उलट-सुलट कळत नाही. त्यात व्हॉल्व्ह नाही, वन-वेची पाटी नाही. लाईन बंद असताना तुमच्या घरातून 230 व्होल्ट उलटे डीपीकडे गेले, तर पलीकडच्या तारेवर अकरा हजारांच्या आसपास व्होल्ट उभे राहतात. बहुतेक वेळा अख्ख्या गल्लीचा लोड अंगावर आल्यानं छोटा जनरेटर दम टाकतो, आणि म्हणूनच लोकांना वाटतं की काही होत नाही. पण तार जवळच तुटलेली असेल आणि त्या तुकड्यावर लोड फारसा नसेल, तर जनरेटर मजेत चालू राहतो. आणि त्याच तुटलेल्या तारेपाशी खांबावर कोण चढलेलं असतं? वायरमन.

बंद समजलेल्या तारेनं माणूस मारण्याची गोष्ट जनरेटरपेक्षा जुनी आहे. 11 ऑक्टोबर 1889 ला न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये जॉन फीक्स नावाचा लाईनमन तारांच्या जंजाळात काम करत होता. तारा टेलिग्राफच्या, म्हणजे निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या. पण दूर कुठेतरी त्यातली एक तार दिव्यांच्या उच्च दाबाच्या तारेला टेकली होती. भर दुपारी, रस्त्यावरच्या गर्दीच्या डोळ्यांसमोर तो गेला आणि त्याचा देह बराच वेळ तसाच तारांत अडकून राहिला. एडिसन आणि वेस्टिंगहाऊस यांचं 'डीसी की एसी' भांडण तेव्हा ऐन रंगात होतं, त्यामुळे या मृत्यूचा गवगवा खूप झाला. शहरातल्या डोक्यावरच्या तारा उतरवण्याच्या कामाला त्यानंतर जोर आला. दोनच वर्षांनी, 1891 मध्ये, अमेरिकेतल्या वीज कामगारांनी आपली राष्ट्रीय संघटना उभी केली. तिचा पहिला अध्यक्ष हेन्री मिलर स्वतः लाईनमन. 1896 मध्ये तोही कामावरच विजेच्या धक्क्यानं गेला.

असो. मामाचा युक्तिवाद तुम्हालाही सुचला असेल, "मी आधी मेन स्विच बंद करतो ना!" करायचा, खरंच करायचा. पण रात्री अकराला, दुकानात गिऱ्हाईक, हातात बॅटरी, शंभरातल्या शंभर वेळा? आपल्या धंद्यात याला 'युजर लक्षात ठेवेल' म्हणतात आणि त्यावर विसंबलेला कोड कसा कोसळतो हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

हाच प्रश्न रेल्वेला आधी पडला होता. सांधे एका रुळाकडे वळलेले आणि सिग्नल दुसऱ्याच रुळाचा पडलेला, म्हणजे अपघात ठरलेला. इंग्लंडमधल्या जॉन सॅक्सबीनं 1856 मध्ये सांधे आणि सिग्नल एकत्र जोडणाऱ्या यंत्रणेचं पेटंट घेतलं. त्यातून पुढच्या काही वर्षांत खरं इंटरलॉकिंग घडलं. चुकीचा दांडा ओढायला गेलात तर तो हलतच नाही! माणसाची सावधगिरी लोखंडात ओतली गेली. डायक्स्ट्रानं 1965 मध्ये 'एका वेळी एकच' हा प्रश्न सॉफ्टवेअरसाठी सोडवला, आणि आपण आज म्युटेक्स लिहितो तो त्याच विचारातून.

चेंजओव्हर स्विच म्हणजे विजेचा म्युटेक्स. दांडा एकच, बाजू दोन, मध्ये 'बंद'. घर एक तर लाईनवर, नाहीतर जनरेटरवर. एक बाजू सुटल्याशिवाय दुसरी लागत नाही आणि चांगला स्विच फेजबरोबर न्यूट्रलही तोडतो. यात तुमचाही फायदा आहे, कारण अचानक लाईट आली तर दोन्ही वीजप्रवाह एकमेकांवर आदळून जनरेटर जळण्याची भीती राहत नाही. फक्त तो लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या. मीटरपलीकडच्या गोष्टी यूट्यूब बघून करायच्या नसतात.

आता अनेकांच्या गच्चीवर सोलर आलंय आणि तक्रार ऐकू येते, "एवढे पैसे घातले, पण लाईट गेली की सोलरही बंद!" बॅटरी नसलेली, ग्रीडला जोडलेली सिस्टीम मुद्दामच तशी बनवलेली असते. लाईन गेलेली दिसली की इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. कारण तेच, खांबावरचा माणूस.

मामानं शेवटी चेंजओव्हर बसवला. भारनियमन संपलं, जनरेटर भंगारात गेला, पण तो दांडा अजून भिंतीवर आहे. परवा गावी गेलो तेव्हा बाहेर वादळी पाऊस, लाईट गुल. दूर खांबावर एक बॅटरी हलताना दिसत होती. मामा खिडकीतून बघत म्हणाला, "चढलाय बघ, एवढ्या पावसात." मग उठला आणि उगाचच जाऊन दांडा मधोमध 'बंद'वर ठेवून आला.